कुत्र्याने गोगलगायींच्या गोळ्या खाल्ल्या, स्नायू सैल करणाऱ्या त्या इंजेक्शनबद्दल विचारायचं आहे

कुळागरातला
नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ राहतो, घरामागे थोड्या माडी (सुपारीची झाडं) आहेत आणि कडेला पोरसू (परसबाग). चवथीच्या माटोळीला (गणपतीवर बांधतात ती फळा-भाज्यांची आरास) घरचंच तवसं म्हणजे काकडी, घरचीच दोडकी बांधायची ही आमच्या आईची हौस, म्हणून पाऊस पडला की वेल लावतो. यंदा आफ्रिकन गोगलगायींनी वात आणला, मुठीएवढ्या एकेक, रात्री बॅटरी मारली की गडग्यावर ओळीने दिसतात आणि सकाळी वेलाचा नुसता दोरा शिल्लक. एकाने सांगितलं म्हणून दुकानातून गोगलगाय मारायच्या गोळ्या आणल्या, वेलांच्या बुडाशी टाकल्या आणि उरलेलं पाकीट पडवीत खालच्या फळीवर ठेवलं. तिथेच चूक झाली.

परवा संध्याकाळी काळू (गावठीच आहे, २० किलोचा) पडवीत उभा राहून थरथरत होता. आधी वाटलं पावसात भिजलाय. मग बघतो तर तोंडाला लाळ, डोळे ताठ, चारही पाय काठीसारखे आणि थरथर इतकी की पाण्याच्या स्टीलच्या भांड्याला त्याचा पाय लागून ते भांडं टणटण वाजत होतं, थांबतच नव्हतं. टाळी वाजली तरी दचकून आडवा. अंगाला हात लावला तर तापलेला तवा. रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेला, ताप १०७ फॅरेनहाइट निघाला. त्यांनी पाकीट बघितलं (ते बरोबर नेलं तेवढी एक गोष्ट नीट केली), शिरेत सुई लावली आणि एक इंजेक्शन अगदी हळूहळू, थांबत थांबत दिलं. नाव मेथोकार्बामोल. माझ्या डोळ्यांसमोर पंधरा-वीस मिनिटांत थरथर उतरली. झोपला नाही, डोळे उघडे, मी हाक मारली तर कान हलवला, पण अंग ओल्या फडक्यासारखं सैल.

काळू आता घरी आहे, अजून लटपटतो. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. एक, हे औषध नेमकं कुठे काम करतं, जागा राहून अंग कसं सैल पडलं? दुसरी, माझ्या पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांवर पण ‘मसल रिलॅक्सन्ट’ लिहिलंय. परत थरथर सुरू झाली तर रात्री-अपरात्री त्यातली अर्धी दिली तर चालेल का?

गुरांचा_डॉक्टर
आधी दुसऱ्याचं उत्तर देतो कारण ते घाईचं आहे. नाही. अर्धी नाही, पाव नाही. पट्टीच्या मागे काय काय लिहिलंय ते सगळं इथे टाका, मग कारण सांगतो. आणि परत थरथर आली तर रात्र असो की पाऊस, उचलून न्यायचं.

आता काळूचं. गोळ्यांत मेटाल्डिहाइड असतं, आपल्याकडच्या पाकिटात साधारण २.५ टक्के. म्हणजे १ ग्रॅम दाण्यात २५ मिलीग्रॅम. ४० ग्रॅम खाल्ल्या असतील तर १००० मिग्रॅ पोटात गेलं, २० किलोच्या कुत्र्याला किलोमागे ५० मिग्रॅ, एवढ्यावर कुत्रा आजारी पडतो. दाण्यात कोंडा-पीठ असतं, गोगलगायीला ओढायला घातलेलं, ते कुत्र्यालाही आवडतं. लक्षणं बहुतेक वेळा अर्ध्या तासापासून तीन तासांत येतात. ह्याला उतारा नाही. नागाच्या विषावर जसं सीरम आहे तसं काही नाही. शरीर ते विष स्वतःच बाहेर काढतं, पण त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात जनावर मरतं ते बऱ्याचदा तापाने. स्नायू तासन्‌तास थरथरले की उष्णता तयार होते, १०७-१०८ ला रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडते, मूत्रपिंडं, मेंदू सगळ्यावर येतं. म्हणून थरथर थांबवायची. मेथोकार्बामोल विष मारत नाही, ते वेळ मिळवून देतं.

कुठे काम करतं ते असं बघा. स्नायू ताठ होण्यासाठी मणक्यातल्या रज्जूतून हुकूम यावा लागतो. हुकूम देणारी पेशी आणि खबर आणणारी पेशी ह्यांच्यात खूप मधल्या पेशी असतात, त्या आवाज कमी-जास्त करतात. मेथोकार्बामोल ह्या मधल्या साखळीला संथ करतं. स्नायूला ते हात लावत नाही, नस जिथे स्नायूला भेटते तिथेही काही करत नाही. ऑपरेशनला भूलतज्ज्ञ वापरतात ती सक्सिनिलकोलीनसारखी औषधं त्या सांध्यावरच कुलूप लावतात, श्वासाचे स्नायू पण बंद, मशीन लागतं. काळूचा श्वास चालू राहिला, कान हलला, तो ह्या फरकामुळे.

हळू का दिलं तेही सांगतो. सुरुवातीचा डोस किलोला ४४ मिग्रॅच्या आसपास. इंजेक्शन १०० मिग्रॅ प्रति मिली असतं, तर काळूला ८.८ मिली. मिनिटाला २ मिलीपेक्षा जोरात ढकलायचं नाही. साधारण अर्धं द्यायचं, जनावर सैल पडतंय का बघायचं, मग उरलेलं, आणि थरथर परत आली की परत. दिवसभरात किलोला ३३० मिग्रॅची मर्यादा, म्हणजे काळूला जास्तीत जास्त ६६ मिली, १० मिलीच्या जवळजवळ सात कुप्या. ऐकायला खूप वाटतं पण पहिल्या रात्री कधीकधी तिथपर्यंत जावं लागतं. सुई शिरेबाहेर सरकली तर तिथली जागा सडते, म्हणून पाय कुणीतरी धरून बसावं लागतं. आणि मूत्रपिंडं आधीच खराब असतील तर ह्या इंजेक्शनातलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल त्रास देतं.

पहिले २४ तास काढले म्हणजे मोठा घाट चढलात. तरी दोन-तीन दिवसांनी यकृत कुरकुरतं कधीकधी, तेव्हा रक्त तपासून घ्या.

म्हापशाची_बाय
हे वाचून अंगावर काटा आला कारण आमच्या मनीला अगदी हेच झालं होतं, फक्त गोगलगायीच्या गोळ्या नव्हत्या. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर घालायचं औषध येतं ना, ते दुकानदाराने ‘मांजराला पण चालतं, थोडं कमी घाला’ म्हणून दिलं. मी घातलं. संध्याकाळी मनीचे कान फडफडायला लागले, मग मिशा, मग सगळं अंग. त्यात परमेथ्रिन होतं. आम्हाला पण मेथोकार्बामोलच दिलं, आणि भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात आंघोळ घातली, ते औषध कातडीवरून काढायला. तीन दिवस लागले. कुत्र्याचं मांजराला का चालत नाही हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

गुरांचा_डॉक्टर
बाय, मांजराच्या यकृतात अशी औषधं बांधून बाहेर टाकायची एक मुख्य वाट फारच अरुंद असते. कुत्रा परमेथ्रिन भराभर मोडतो, मांजरात ते फिरत राहतं आणि चेतापेशींचे सोडियमचे दरवाजे उघडेच धरून ठेवतं, म्हणून ती फडफड. कुत्र्याच्या मानेवरच्या औषधात परमेथ्रिन ४५ टक्के आणि त्याहून जास्तही असतं. थोडं कमी घातलं तरी मांजराला ते खूपच. आंघोळ कोमट पाण्याची घातलीत ते फार बरोबर, गरम पाण्याने कातडीतून आणखी आत जातं आणि गार पाण्याने मांजर काकडतं.

कुळागरातला
डॉक्टर, देव बरें करूं. पट्टीवर लिहिलंय: क्लोरझोक्साझोन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल. तिन्ही एकाच गोळीत. घरात आईची पण एक पट्टी आहे, तिच्यावर बॅक्लोफेन १० मिग्रॅ, पॅरालिसिसनंतर हात आखडतो त्यासाठी.

गुरांचा_डॉक्टर
दोन्ही पट्ट्या आजच कपाटात, कुलपात.

तुमच्या गोळीत सैल करणारं औषध एक, बाकी दोन दुखण्यावरची. डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या आतड्याला भोकं पाडतं, मूत्रपिंडं घालवतं. पॅरासिटामॉल मांजराला तर एक गोळी पुरते, रक्त चॉकलेटी होतं, प्राणवायू वाहूनच नेत नाही. आणि डायक्लोफिनॅकचा विषय निघालाच आहे तर, जनावरांसाठी ते देशात २००६ पासून बंद आहे. गुरांना दिलेलं मेल्यावर मांसात राहायचं, ते खाऊन गिधाडं मूत्रपिंडं जाऊन मरायची, लाखोंनी गेली. तरी माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलीवर आणली.

बॅक्लोफेन त्याहून वाईट. तेही स्नायू सैल करणारंच, तेही मणक्यातून काम करणारं, पण कुत्र्यात माणसाला लागणारा डोस आणि विषाचा डोस ह्यात जागाच नाही. किलोला १.३ मिग्रॅला लक्षणं नोंदलेली आहेत. दहा किलोच्या कुत्र्याला तेवढं दीड गोळीच्या आतच होतं. कुत्रा आधी ओरडतो, विचित्र सूर लावून, थांबत नाही, मग लटपटतो, मग कोमात, अंग गार, नाडी मंद, श्वास थांबतो. ह्यात मेथोकार्बामोल द्यायचं नाही, आधीच सगळं झोपलेलं असतं. श्वास मशीनवर चालवत ठेवला तर मेल्यासारखा दिसणारा कुत्रा दोन दिवसांनी उठलेला आहे. म्हणून असा कुत्रा दिसला की आशा सोडू नका आणि उशीर पण करू नका.

औषधशास्त्र_शिकवते
फार्मसीच्या मुलांना शिकवते. हा धागा वाचून राहवलं नाही, ह्या औषधांचा जन्मच जनावरांवर बघण्यातून झालाय.

फ्रँक बर्गर म्हणून होते, मूळ चेकोस्लोव्हाकियाचे, युद्धाच्या दिवसांत इंग्लंडला आले. पेनिसिलीन नवं होतं आणि ते नासवणारे जीवाणू मारणारं काहीतरी हवं होतं, त्यासाठी एकेक रसायन करून ते उंदरांना देऊन विषारी आहे का बघत. त्यातल्या एकाने, मेफेनेसिनने, उंदीर पाठीवर पडले आणि उलटेचना. डोळे उघडे, श्वास नीट, हृदय नीट, फक्त उलटायची ताकद नाही. थोड्या वेळाने उठून चालायला लागले. १९४६ साली त्यांनी ते छापलं. काळूचं वर्णन वाचताना मला तेच उंदीर डोळ्यांपुढे आले, उघडे डोळे आणि सैल अंग. मेफेनेसिनचा असर फार लवकर उतरायचा, म्हणून त्याच घराण्यातली जास्त टिकणारी औषधं शोधली गेली. मेथोकार्बामोल त्यातलंच, १९५७ मध्ये अमेरिकेत आलं.

आणि एक, खोकल्याच्या सिरपवर ग्वायफेनेसिन वाचलं असेल. मेथोकार्बामोल म्हणजे त्याच ग्वायफेनेसिनला कार्बामेटचं शेपूट जोडलेलं. माणसाला कफ पातळ करायला चमचाभर, आणि घोड्याला तेच ५ टक्क्यांचं द्रावण शिरेतून देऊन आडवा करतात, झायलाझिन आणि केटामीन ह्या भुलीच्या औषधांबरोबर. पायांचे स्नायू सुटतात पण श्वासाचा पडदा बऱ्यापैकी चालू राहतो, म्हणून एवढं मोठं जनावर मशीनशिवाय थोडा वेळ झोपवता येतं. द्रावण जास्त घट्ट केलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

असं औषध खरोखर स्नायू सैल करतं की नुसतं गुंगी आणतं हे कसं ओळखायचं हा प्रश्न परीक्षेला हमखास असतो. फिरत्या दांड्यावर उंदीर ठेवतात, रोटारॉड म्हणतात, किती सेकंदांत पडतो ते बघायचं. पण झोप आलेला उंदीरही पडतो! म्हणून जोडीला त्याची साधी हालचाल मोजायची, प्रकाशाच्या किरणांच्या पेटीत. दांड्यावरून लवकर पडला पण पेटीत नेहमीसारखा फिरला तर ते खरं सैल करणारं. आता बहुतेक कॉलेजांत हे मुलांना कॉम्प्युटरवरच दाखवतात, आणि मला ते योग्य वाटतं.

दुसरी परीक्षा स्ट्रिकनीनची, आणि ते झाड आपल्या दारातलं आहे. काजरा. गोव्यात-कोकणात कुठेही बघा, शेंदरी फळं आणि आत बटणासारख्या चपट्या बिया. मणक्यात ग्लायसीन नावाचा ब्रेक असतो, स्ट्रिकनीन तो ब्रेक बसूच देत नाही. मग बारीकसा आवाज, दाराची कडी वाजली तरी सगळं शरीर कमानीसारखं. उंदराला आधी मेफेनेसिन देऊन मग स्ट्रिकनीन दिलं तर झटके अडतात. धनुर्वातात ब्रेक असतो पण जंतूचं विष तो सोडूच देत नाही, परिणाम तसाच. म्हणून धनुर्वात झालेल्या कुत्र्यालाही हीच औषधं, अंधारी खोली आणि कानात कापूस.

सत्तरीचा_गवळी
कुत्र्या-मांजरांचं चाललंय त्यात गाईचं विचारतो, रागावू नका. गेल्या वर्षी शिंग मोडलेल्या गाईला शिवायचं होतं. एकाने झायलाझिन टोचलं. गाय बसली, मान टाकली, तोंडातून पाण्यासारखी लाळ, पोट डाव्या बाजूने फुगायला लागलं. सात महिन्यांची गाभण होती. शिवणं झालं पण चार दिवसांनी वासरू टाकलं. पोरगा रात्रभर गोठ्यात बसला होता तिच्याजवळ. तो जो आला होता तो म्हणाला योगायोग. एवढंच विचारायचंय की योगायोग होता का.

गुरांचा_डॉक्टर
दादा, रागवायचं कशाला. हे विचारायलाच हवं होतं.

चार दिवसांनंतर ठामपणे बोट दाखवता येत नाही, शिंग मोडणं हाही मोठा धक्का असतो. पण झायलाझिन गाईच्या गर्भाशयाला आकुंचन आणतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत ते टाळावं असं पुस्तकात स्पष्ट आहे. गाभण किती हे विचारल्याशिवाय ते टोचायचंच नव्हतं.

झायलाझिन १९६२ साली जर्मनीत तयार झालं. तेही मेंदू-मणक्यातून स्नायू सैल करतं पण वाट वेगळी, अल्फा-२ नावाच्या ठिकाणी बसून. सोबत गुंगी आणि थोडी बधिरता पण देतं, म्हणून सगळ्यांना आवडतं. घोळ इथे होतो की गाय ह्याला घोड्याच्या दहापट नाजूक आहे. ३०० किलोच्या घोड्याला शिरेतून किलोला १.१ मिग्रॅ धरलं तर ३३० मिग्रॅ, मिलीला २० मिग्रॅच्या बाटलीतून १६.५ मिली. तेवढ्याच वजनाच्या गाईला स्नायूत किलोला ०.१ धरलं तर ३० मिग्रॅ, दीड मिली. दीड! सिरिंज भरताना हात किती सहज पुढे जातो बघा. डुकराला उलट हेच औषध नीट लागत नाही.

लाळ आणि फुगणं दोन्ही त्याचंच. पोटाची हालचाल थांबते, वायू अडतो. म्हणून आधी उपाशी ठेवायचं, गाय उरावर बसलेली ठेवायची, कुशीवर पडू द्यायची नाही, तोंड मात्र खाली म्हणजे लाळ नि पोटातलं वर आलेलं फुप्फुसात जाणार नाही. आणि टोलाझोलिन किंवा योहिम्बिन जवळ असावं, त्याने उतरवता येतं. मेथोकार्बामोलला असा उतारा नाही, झायलाझिनला आहे, आणि तरी गोठ्यात बहुतेक वेळा तो कुणाच्या बॅगेत नसतो. ह्याचं मला फार वाईट वाटतं.

सत्तरीचा_गवळी
बरं वाटलं ऐकून. म्हणजे वाईट वाटलं, पण कळलं. पुढच्या वेळी मीच आधी सांगीन किती महिन्यांची ते.

किनाऱ्यावरचा
आमच्याकडे विष खाल्लेल्या कुत्र्याला ताक नाहीतर मिठाचं पाणी पाजतात, उलटी झाली की सुटतो. इंजेक्शनचा एवढा खर्च सगळ्यांना झेपत नाही हो.

गुरांचा_डॉक्टर
खर्चाचं खरं आहे, कुप्या सात लागल्या तर लागतातच. पण थरथर सुरू झालेल्या जनावराला काहीही पाजू नका, ताक नको, तूप नको. गिळायचं भान नसतं, ते फुप्फुसात जातं आणि मग विषाने नाही, न्यूमोनियाने जातो. मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम चढतं, त्याने वेगळेच झटके येतात. पैसे नसताना फुकट करण्यासारखं एवढंच आहे: पाकीट खिशात, कुत्रा अंधारात गप्प, ओलं फडकं काखेत-पोटाखाली, पंखा, आणि गाडी. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, नि ताप १०३ ला आला की गार करणं थांबवायचं, नाहीतर तो खाली घसरतच जातो. आणखी एक, लाळ, ताठ अंग, दचकणं हे पिसाळलेल्या कुत्र्यातही असतं. गोव्यात लसीचं काम चांगलं झालंय तरी अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका.

म्हापशाची_बाय
गोगलगायींचं मग काय करता? आमच्याकडे पण भिंतीभर आहेत.

औषधशास्त्र_शिकवते
हातात प्लास्टिकची पिशवी घालून रात्री वेचायच्या आणि मिठाच्या घट्ट पाण्याच्या बादलीत. उघड्या हाताने नको, त्यांच्यात मेंदूला जाणारा एक कृमी असू शकतो. हा प्राणी आपला नाहीच, १८४७ साली बेन्सन नावाच्या एका गृहस्थाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणून बागेत सोडला म्हणून नोंद आहे, तिथून एवढ्या वर्षांत आपल्या तवशाच्या वेलापर्यंत.

कुळागरातला
आज पाचवा दिवस. रक्त तपासलं, यकृताचा आकडा थोडा वर आहे, आठवड्याने परत बोलावलंय. पोरसातले दाणे आईने आणि मी चिमट्याने एकेक वेचून काढले, पावसाने फुगून मऊ झाले होते, मातीसकट पिशवीत घातले. दोन्ही पट्ट्या आईच्या लोखंडी कपाटात आहेत. रात्री मी आणि शेजारचा पोरगा बादली घेऊन गेलो, त्र्याहत्तर मिळाल्या.

सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला. परवा त्याच आवाजाने काळू आडवा पडला होता. आज उठला, मागचे पाय थोडे फाकवत गेटपर्यंत गेला, आणि पोदेराने नेहमीसारखा अर्धा उंडो (पाव) टाकला तो उभ्याने खाल्ला.

गुरांचा_डॉक्टर
मागचे पाय फाकवणं दोन-चार दिवसांत जाईल. उंडो चालेल, तूप लावून देऊ नका यकृताचा आकडा खाली येईपर्यंत.